गँडाल्फ का आला नाही?

काळ्या झग्यातला एक स्वार रस्त्यात घोडा थांबवतो, मान इकडून तिकडे वळवत हवा हुंगतो आणि पुढे निघून जातो. झाडाआड लपलेल्या फ्रोडोला तो कोण ते माहीत नाही. मलाही नव्हतं. त्याआधीची पानं वाढदिवसाची एक प्रचंड मेजवानी, कुणाची कुठली वंशावळ, घरावरून चाललेली भाऊबंदकी यांत गेली होती, आणि हे पुस्तक नेमकं कशाबद्दल आहे ते मी चाचपडत होते. बिल्बोने फ्रोडोसाठी मागे ठेवलेली अंगठी भयंकर आहे, एवढं गँडाल्फ नावाच्या जादूगाराने सांगितलं होतं. ठरल्या दिवसापर्यंत परत येतो असा त्याचा शब्द होता. तो आला नाही. फ्रोडो वाट बघून अखेर निघाला आणि त्याच्यामागे मीही निघाले, तितकीच अस्वस्थ. गँडाल्फ का आला नाही, हे मला दीडशेहून अधिक पानांनंतर कळलं. दरम्यान मी या पुस्तकात पुरती गुंतले होते.

जे. आर. आर. टोल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही मी वाचलेली पहिली फँटसी कादंबरी. वाचनाची सवय मला लहानपणापासूनची, पण पुस्तकं वेगळी. हरिभाऊ, गोनीदा, व्यंकटेश माडगूळकर. राक्षस, जादूगार, बोलणारी झाडं हे सगळं ‘चांदोबा’च्या अंकांबरोबर मागे राहिलं होतं. शाळेत असताना वाचनालयातून नाथमाधवांचं ‘वीरधवल’ आणून वाचलं होतं; त्यानंतर अद्भुताच्या वाटेला मी गेलेच नाही. पन्नाशी उलटल्यावर भाचीने हे जाडजूड, तिन्ही खंड एकत्र असलेलं पुस्तक माझ्या हातात ठेवलं. ती पीटर जॅक्सनचे चित्रपट बघत वाढलेली. पुस्तकाकडे ती नंतर आली. “मावशी, नावं पाठ करत बसू नकोस,” ती म्हणाली. “त्यांच्याबरोबर चालत राहा.”

ज्यांना यातलं काहीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टोल्किन ऑक्सफर्डला प्राध्यापक होते, जुन्या इंग्रजीचे अभ्यासक. 1937 साली त्यांची ‘द हॉबिट’ ही मुलांसाठीची कादंबरी आली, ती चालली, आणि प्रकाशकांनी पुढचा भाग मागितला. तो लिहिता लिहिता बारा वर्षं गेली. 1954 आणि 1955 मध्ये तीन खंडांत तो प्रसिद्ध झाला. माणसाच्या निम्म्या उंचीचे, पायांवर दाट केस असलेले, शेतीवाडीत आणि खाण्यापिण्यात रमणारे हॉबिट लोक शायर नावाच्या प्रदेशात राहतात. त्यांच्यातल्या एकाकडे, फ्रोडोकडे, नातलग बिल्बोकडून सॉरॉन नावाच्या दुष्ट शक्तीची अंगठी आलेली असते. ती जिथे घडली त्याच ज्वालामुखीत नेऊन टाकायची, एवढंच काम. या कादंबरीवर जॅक्सनने केलेले तीन चित्रपट 2001, 2002 आणि 2003 च्या डिसेंबरात आले. तिसऱ्याला अकरा नामांकनं होती आणि अकराही ऑस्कर मिळाली.

गोष्ट एवढी सरळ आहे तर गोंधळ कशाचा? पहिला नावांचा. एका माणसाची चार-पाच नावं. सराईत भेटतो तो ‘स्ट्रायडर’ म्हणून, त्याचं नाव अ‍ॅरागॉर्न, एल्फ नावाच्या जमातीत वाढला तेव्हा तो ‘एस्टेल’, राजा झाल्यावर ‘एलेसार’. गँडाल्फला कुणी मिथ्रांदिर म्हणतं. नद्यांना, डोंगरांना, तलवारींना दोन-दोन भाषांत नावं. मराठी वाचकाला यात घाबरण्यासारखं काही नसावं, असं मला आधी वाटलं. अर्जुनाला पार्थ, धनंजय, सव्यसाची म्हटलेलं आपण सहज वाचतो. पण वाचता वाचता एक फरक जाणवला. महाभारत मला कधी अनोळखी नव्हतंच. वाचता येण्याच्या आधी मी ते आजीकडून ऐकलं होतं. कर्ण कोणाचा मुलगा हे कर्णाच्या आधी मला माहीत होतं. आपल्यापैकी कुणीही महाभारतात नवखा म्हणून शिरत नाही. काय होणार ते ठाऊक असतं आणि तरी आपण रडतो. इथे पहिल्यांदाच एक अख्खं महाकाव्य माझ्यासमोर असं आलं, की त्यातलं कोण वाचणार, कोण मरणार, कोण कोणाचा कोण, यातलं मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. या वयात असा अनुभव येईल ही अपेक्षा नव्हती.

आणि मग गाणी. दर थोड्या पानांनी कुणीतरी गायला लागतं. पाठलाग चालू आहे, रात्र झाली आहे, उघड्या डोंगरावर शेकोटीभोवती फ्रोडो, सॅम, मेरी, पिपिन हे चौघे हॉबिट अंग आखडून बसले आहेत आणि अ‍ॅरागॉर्न त्यांना लूथिएन नावाच्या एल्फकन्येचं आणि बेरेन नावाच्या माणसाचं गाणं म्हणून दाखवतो. हे दोघे कोण? या कादंबरीत ते कुठेच येत नाहीत. पुढे रिव्हेंडेल या एल्फांच्या वस्तीत बिल्बो एआरेंडिल नावाच्या दर्यावर्दीवर लांबलचक काव्य म्हणतो. तोही कुठे भेटत नाही. परक्या घरच्या लग्नात जावं आणि पंगतीत सगळ्यांनी कधीच्या गेलेल्या माणसांच्या आठवणी काढाव्यात, असं मला होत होतं. सगळे गहिवरताहेत आणि मी नुसती ऐकते आहे. पण ऐकावंसं वाटत होतं, कारण सांगणाऱ्यांचा गहिवर खरा होता.

नंतर कळलं की 1954 च्या वाचकांचंही असंच झालं असणार. बेरेन-लूथिएनची कथा टोल्किनने तरुणपणीच लिहायला घेतली होती आणि आयुष्यभर पुन्हा पुन्हा लिहिली, पण ती ज्यात आहे ते ‘सिल्मरिलियन’ त्यांच्या हयातीत निघालं नाही. 1973 साली ते गेले, आणि मुलगा ख्रिस्तोफर याने त्यांच्या कागदांतून जुळवून ते 1977 मध्ये प्रसिद्ध केलं. म्हणजे वीस वर्षांहून जास्त काळ ही नावं सगळ्यांसाठीच बंद दारं होती. ऑक्सफर्डच्या वुल्व्हरकोट दफनभूमीत टोल्किन आणि त्यांची पत्नी एडिथ यांच्या थडग्यावर त्यांच्या नावांखाली ‘बेरेन’ आणि ‘लूथिएन’ कोरलेलं आहे. हे वाचल्यावर मी पुस्तकातलं ते शेकोटीचं पान पुन्हा काढलं आणि या वेळी फार हळू वाचलं.

पुस्तक संपवल्यावर भाचीबरोबर चित्रपट बघायला बसले. पहिला लागला आणि मी थक्क झाले. सुरुवातीच्या काही मिनिटांतच सगळं सांगून टाकलेलं. अंगठ्या कुणी घडवल्या, कुणाकुणाला मिळाल्या, सॉरॉनशी युद्ध कसं झालं, त्याचं बोट कसं तुटलं, अंगठी नदीत कशी गेली, गॉलमला कशी सापडली, बिल्बोकडे कशी आली. केट ब्लँचेटचा तो धीरगंभीर आवाज, काळोखातून उसळणाऱ्या फौजा, सगळं देखणं. आणि माझ्या मनात एकच: हे इतक्यात का सांगितलं? त्या काळ्या स्वारासारखे नऊ जण अंगठीच्या मागावर निघालेत, हेही पुढे लवकरच कळतं. मग रस्त्यावर घोडा थांबतो तेव्हा भीती वाटते, पण ती ओळखीच्या संकटाची भीती. पुस्तकात टापा ऐकून फ्रोडोला आधी वाटतं, गँडाल्फच आला असेल. आणि मग, का ते न कळता, लपावंसं वाटतं. ती शिरशिरी वेगळी होती.

गँडाल्फचंही तसंच. सारुमान नावाच्या दुसऱ्या जादूगाराने त्याला मनोऱ्यावर डांबून ठेवलेलं चित्रपटात आपण डोळ्यांनी बघतो. इकडे फ्रोडो चालतोय, तिकडे गँडाल्फ कैदेत. पुस्तकात हे सगळं तो रिव्हेंडेलचा अधिपती एल्रॉन्ड याच्या सभेत, घडून गेल्यावर सांगतो. तोवर फ्रोडोला जेवढं माहीत तेवढंच आपल्याला माहीत. एकदा हे ध्यानात आल्यावर मला ते जागोजागी दिसू लागलं. रोहन नावाच्या राज्याचं सैन्य निघतं तेव्हा लहानग्या मेरीला सगळे मागे ठेवतात, आणि डर्नहेल्म नावाचा एक अबोल तरुण स्वार त्याला आपल्या घोड्यावर घेतो. रणांगणात नाझ्गूलच्या, म्हणजे त्या नऊ स्वारांच्या, म्होरक्यासमोर त्याचं शिरस्त्राण गळून पडतं आणि केस मोकळे होतात तेव्हा मेरीला कळतं, ही तर राजाची भाची एओविन. मी पुस्तक मिटून छातीशी धरलं होतं. चित्रपटात मेरीला उचलून घेणारी एओविन आहे हे आपल्याला त्याच क्षणी दिसतं. प्रसंग चित्रपटातही अंगावर काटा आणतो, पण आपण तिथे मेरीच्या शेजारी नसतो, कुठेतरी उंचावर बसून बघत असतो.

सगळ्यात कठीण परीक्षा फ्रोडोच्या बाबतीत. दुसऱ्या खंडाच्या अखेरीला तो शत्रूच्या हाती जिवंत सापडतो, सॅम दाराबाहेर एकटा उरतो, आणि खंड संपतो. मूळ वाचकांना पुढचा खंड हातात यायला अकरा महिने लागले. दुसरा नोव्हेंबर 1954 चा, तिसरा ऑक्टोबर 1955 चा. आणि तिसऱ्याच्या पूर्वार्धात फ्रोडो-सॅम नाहीतच! सोबती वेगवेगळ्या वाटांनी गेल्यावर टोल्किन त्यांच्या दोन कथा एकमेकींत विणत नाहीत. एक बरंच पुढे नेतात, मग दुसरी उचलतात. त्या पूर्वार्धाच्या शेवटी सॉरॉनचा दूत फाटकातून बाहेर येतो आणि फ्रोडोचं चांदीसारखं चिलखत, सॅमची तलवार, एल्फांचा झगा गँडाल्फपुढे धरतो. तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला. चित्रपट दोन्ही वाटा आलटून पालटून दाखवतो, त्यामुळे फ्रोडो कुठे आहे हे आपल्याला कायम ठाऊक असतं. थिएटरमध्ये दाखवलेल्या आवृत्तीत तो दूत नाहीच; लांबवलेल्या आवृत्तीत आहे, पण तोवर त्याचं खोटं आपल्यावर चालत नाही.

भाची म्हणाली, “मावशी, तीन तासांच्या सिनेमात प्रेक्षकाला सतरा वर्षं वाट बघायला लावता येत नाही.” सतरा वर्षं म्हणजे बिल्बो निघून गेल्यापासून फ्रोडो निघेपर्यंतचा पुस्तकातला काळ, चित्रपटात तो जाणवतही नाही. तिचं म्हणणं मला पटलं. पहिला चित्रपट 178 मिनिटांचा आहे, आणि पुस्तक न वाचलेल्या कोट्यवधी लोकांना त्याने या प्रदेशात हात धरून नेलं. ते सोपं नव्हतं. नवख्या माणसाला हात देणं हेही प्रेमाचंच काम.

शिवाय काही ठिकाणी चित्रपटाने मला जे दिलं ते पुस्तकात मला सापडलं नव्हतं. फ्रोडोबरोबर निघालेला योद्धा बोरोमिर, उदाहरणार्थ. पुस्तकात तो अंगठीच्या मोहाने फ्रोडोवर धावून जातो, आणि पुढच्या खंडाच्या पहिल्याच प्रकरणात अ‍ॅरागॉर्नला तो झाडाला टेकून बसलेला, अंगात बाण रुतलेले, असा मरणाच्या दारात सापडतो. मेरी-पिपिनसाठी तो कसा लढला ते आपण बघत नाही, त्याच्या तोंडून दोन-चार शब्दांत ऐकतो. चित्रपटात शॉन बीन ती लढाई लढतो. एक बाण लागतो, तो गुडघ्यावर येतो, उठतो. दुसरा लागतो, उठतो. समोर दोन लहान हॉबिट हताश होऊन बघत असतात. वाचताना बोरोमिरबद्दल मला राग जास्त होता. पडद्यावर त्याला मरताना पाहिल्यावर मी पुस्तकातलं ते प्रकरण परत वाचलं आणि त्यातली कमी बोलण्यातली वेदना मला तेव्हा कळली. चित्रपटामुळे मी बरी वाचक झाले, असं हे एक ठिकाण.

गॉलम हे दुसरं. अँडी सर्किसच्या हालचाली आणि चेहरा संगणकावर उतरवून तो उभा केला आहे. अंगठीने पाचशे वर्षं कुरतडलेला हा जीव स्वतःशीच भांडतो, ते पुस्तकात सॅम झोपेचं सोंग घेऊन ऐकतो. चित्रपटात आपण ते समोरासमोर बघतो. एकाच चेहऱ्यावर लबाड गॉलम आणि त्याचंच मूळचं रूप, दीनवाणा स्मीगॉल, आळीपाळीने येतात. गॉलमला मारून टाकायला हवं होतं, असं फ्रोडो रागाने म्हणतो आणि गँडाल्फ त्याला दयेबद्दल समजावतो, तो संवाद पुस्तकात फ्रोडोच्या घरी आहे. जॅक्सन आणि त्याच्या सहलेखिका फ्रॅन वॉल्श, फिलिपा बॉयन्स यांनी तो उचलून मोरियाच्या खाणींतल्या काळोखात ठेवला, जिथे गॉलम मागून चोरपावलांनी येतो आहे. मला ही जागा मूळ जागेपेक्षा आवडली.

पण याच गॉलमचा शेवट बदलायला नको होता. पुस्तकात ज्वालामुखीच्या कड्यावर फ्रोडो हरतो. अंगठी माझी, असं म्हणून तो ती बोटात घालतो. गॉलम बोट तोडून अंगठी घेतो, आनंदाने नाचतो, पाय चुकतो आणि पडतो. कुणाचं शौर्य नाही. बिल्बोने एकदा केलेली दया, फ्रोडोने केलेली दया, तिचं फळ तिथे मिळतं. चित्रपटात फ्रोडो पुन्हा झडप घालतो, झटापट होते, दोघेही कड्यावरून जातात आणि फ्रोडो लोंबकळत राहतो. त्या धडपडीत दयेची ती गोष्ट हरवते. गँडाल्फच्या मोरियातल्या इतक्या सुंदर संवादानंतर तर ते जास्तच खटकतं.

टोल्किनचं एक पत्र वाचनात आलं आणि मला विलक्षण आनंद झाला. 1955 मध्ये कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांना लिहिताना ते सांगतात की लेखक म्हणून वाटेत भेटलेल्या पुष्कळ गोष्टींनी ते स्वतःच चकित झाले. ब्री गावच्या सराईत कोपऱ्यात बसलेला स्ट्रायडर कोण, हे तो तिथे दिसला तेव्हा त्यांना फ्रोडोइतकंच अज्ञात होतं. सुरुवातीच्या खर्ड्यांत तर तो ट्रॉटर नावाचा, लाकडी पायताणं घातलेला हॉबिट होता! आणि 22 सप्टेंबरला गँडाल्फ का आला नाही, या कोड्यात फ्रोडोइतकेच तेही पडले होते. माझ्या गोंधळाला खुद्द लेखकाची सोबत होती. आधी सगळा आराखडा रचून मग वाचकापासून लपवलेलं हे रहस्य नव्हे. तेही चालत चालत शोधत होते. म्हणून ते न कळणं इतकं सच्चं वाटतं.

चित्रपटातून जे गेलं त्यात टॉम बॉम्बाडिल या पात्राची हळहळ सगळे करतात. मला त्याच्यापेक्षा एका तलवारीची वाटते. बॉम्बाडिल चौघा हॉबिटांना एका प्राचीन थडग्यातून सोडवतो आणि तिथल्याच खजिन्यातल्या छोट्या तलवारी त्यांना देतो. त्या कुणी, कुणाविरुद्ध लढताना घडवल्या होत्या, हे तेव्हा ओझरतं कळतं आणि विसरायला होतं. शेकडो पानांनंतर मेरी त्यांतलीच एक तलवार नाझ्गूलच्या म्होरक्याच्या गुडघ्यामागे खुपसतो, आणि टोल्किन थांबून सांगतात की तिच्या घडवणाऱ्याला हे समजतं तर किती बरं वाटलं असतं, कारण त्याचा शत्रू हाच होता. कित्येक शतकांपूर्वीच्या अनाम लोहाराचं काम तिथे पुरं होतं. चित्रपटात अ‍ॅरागॉर्न डोंगरावर पोचल्यावर पोरांच्या हाती तलवारी देतो. त्या नुसत्या तलवारी.

आणि शेवटी शायर. अंगठी नष्ट झाल्यावर चित्रपटात चौघे घरी येतात तेव्हा सगळं होतं तसंच आहे. पुस्तकात झाडं तोडलेली, गिरणीचा धूर, गुंडांचं राज्य, घराघरावर नियमांच्या पाट्या. टोल्किनने प्रस्तावनेत लिहिलंय की लहानपणी ते राहत होते तो मुलूख ते दहा वर्षांचे व्हायच्या आतच विद्रूप होत चालला होता. हे प्रकरण का गाळलं ते मला समजतं. एवढ्या मोठ्या लढायांनंतर आणखी एक लढाई प्रेक्षकाच्या पचनी पडणार नाही, असं दिग्दर्शकाला वाटलं तर त्यात वावगं नाही. पण माझ्यासाठी सगळं पुस्तक तिथे येऊन मिळतं. घरापासून थोडं अलीकडेच गँडाल्फ त्यांचा निरोप घेतो. तुमच्या घरचं आता तुम्हीच बघायचं, याच्यासाठीच तर तुम्ही तयार झालात, असं सांगून तो दुसऱ्या वाटेने जातो. सुरुवातीला ज्यांना रस्त्यावरचा स्वार कोण हेही कळत नव्हतं, ते मेरी आणि पिपिन आता गावाला जागं करतात, माणसं कुठे उभी करायची ते ठरवतात, बायवॉटर गावी लढतात. त्या लढाईत एकोणीस हॉबिट मरतात आणि लढलेल्या सगळ्यांची नावं शायरमध्ये पाठ केली जातात. जादूगार नाही, राजा नाही, एल्फ नाहीत.

भाचीला हे प्रकरण अजून लांबण वाटतं. समुद्राकाठी फ्रोडोला निरोप देतात तो चित्रपटातला प्रसंग तिला त्याहून मोठा वाटतो. तो बघताना ती या वेळीही रडली आणि मीही. आमचा वाद मिटलेला नाही. चित्रपटही न पाहिलेली, पुस्तकही न वाचलेली एक मैत्रीण परवा विचारत होती, आधी काय करू? भाची म्हणाली, सिनेमा. मी म्हटलं, निदान एल्रॉन्डच्या सभेपर्यंत वाच आणि मग बघ. मैत्रिणीने पुस्तक नेलंय.